सदुसष्टाव्या प्रश्नाची नोंद

रविवारी दुपारी साडेबारा वाजता घंटा झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या सात नंबरच्या खोलीत चोवीस उमेदवार बसले होते. चोवीस उत्तरपत्रिका गोळा झाल्या, दोनदा मोजल्या गेल्या आणि जाड पाकिटात घालून पाकीट मोहोरबंद झालं. बारा एक्केचाळीसला, जिन्याच्या वळणावर, रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात नऊ वर्षं कंत्राटावर काम करणाऱ्या एका टेक्निशियनला कळलं, की आपली उत्तरपत्रिका कदाचित तपासलीच जाणार नाही.

सांगितलं ते तिच्या पुढच्या बाकावरच्या उमेदवाराने. त्याने सहज विचारलं होतं.

"पाचवे गोल किती भरलेत?"

"कसले पाचवे?"

"सोडून दिलेल्या प्रश्नांचे. माझे सहा झाले."

तिला वाटलं थट्टा करतोय. त्याने आपल्या प्रश्नपुस्तिकेचं पहिलं पान तिच्यापुढे धरलं आणि सूचना क्रमांक नऊवर बोट ठेवलं. जो प्रश्न सोडवायचा नसेल त्यापुढचा पाचवा गोल काळा करावा. दहापेक्षा अधिक प्रश्नांपुढे एकही गोल काळा केलेला नसल्यास उत्तरपत्रिका तपासली जाणार नाही.

"यंदाच आलंय हे," तो म्हणाला. "मीही दोनदा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं."

तिच्या हातातल्या पुस्तिकेवरही तेच पान होतं. ते तिने वाचलं नव्हतं. ते न वाचण्याचा तिने तीन महिने सराव केला होता.

ही तिची तिसरी परीक्षा होती. प्रयोगशाळा सहायकाच्या चौदा कायम जागांसाठी शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, प्रत्येकाला चार पर्याय, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. वयाची अट अडतीस. पुढच्या महिन्यात तिला अडतीस पूर्ण होणार होती, म्हणजे चौथी परीक्षा नव्हती. शिवाय विभागातली कंत्राटी पदं वर्षअखेरीस बंद होणार असल्याचं परिपत्रक दोन महिन्यांपूर्वीच फलकावर लागलं होतं. कायम होणं किंवा घरी बसणं, तिसरा रस्ता कोणी सांगितला नव्हता.

पहिल्या परीक्षेत तिचे एकतीस प्रश्न राहिले होते, दुसऱ्यात बावीस. येत नव्हते म्हणून नव्हे. तिथवर ती पोचलीच नाही. ती सगळं वाचायची, आणि वाचलेलं पुन्हा वाचायची. कामाने लावलेली खोड होती ती. प्रयोगशाळेत रक्ताची नळी हातात आली की लेबल वाचायचं, यंत्रात ठेवताना वाचायचं, अहवाल लिहिताना तिसऱ्यांदा वाचायचं. वॉर्डातून फोनवर कोणी रुग्णाचा क्रमांक सांगितला की ती म्हणायची, "पुन्हा सांगा." नऊ वर्षांत तिच्या हातून एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं नव्हतं. वॉर्डातल्या परिचारिका तिला मागून 'पुन्हासांगा बाई' म्हणत. नवरा तोंडावरच म्हणायचा, "दुधाने न पोळताच ताक फुंकून पिणारी बाई आहे ही."

प्रयोगशाळेची आणखी एक रीत होती. प्रत्येक गोष्ट केल्या क्षणी नोंदवायची. जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही, असं तिथे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. हळूहळू ते माणसाच्या अंगात मुरतं. घरातून निघताना गॅस बंद केला की ती दारामागच्या कागदावर टिंब काढायची.

दुसऱ्या निकालाच्या दिवशी तिचा दीर वरच्या मजल्यावरून खाली आला आणि म्हणाला, "वहिनी, आता माझ्याकडे या. तुमचा अभ्यास पक्का आहे. तुमचं घड्याळ कच्चं आहे."

दीर स्पर्धापरीक्षांचा क्लास चालवायचा. घराच्या वरच्या खोलीत अठरा खुर्च्या, एक फळा आणि भिंतीवर पुठ्ठ्यावर लिहिलेले चौदा नियम. विषय शिकवायचा तो कमीच. प्रश्न कमी वेळात कसा निकाली काढायचा, हे शिकवायचा. मुलं त्याला 'शॉर्टकट सर' म्हणत आणि त्याला ते आवडायचं. त्याने स्वतः सात परीक्षा दिल्या होत्या.

"सातही वेळा नापास," नवरा सांगायचा, "पण दर वेळी वेळेच्या आत."

"दादा, पोहायला शिकवणारा पैलतीरी जाऊन आलेलाच हवा असं कुठे आहे?"

"निदान ओला तरी झालेला हवा."

"सात वेळा बुडालोय. अजून किती ओला होऊ?"

ती रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आली की तोंड धुऊन वर जायची. सहा ते साडेसात. आधी पर्याय वाचायचे, मग प्रश्न. ज्या पर्यायात 'नेहमीच' किंवा 'कधीही नाही' असेल तो बहुतेक वेळा खोटा. गुणाकार पुरा करायचा नाही, शेवटचा अंक बघून तीन पर्याय उडवायचे. उतारा असेल तर प्रश्न आधी, उतारा नंतर. एका प्रश्नाला पन्नास सेकंद. पुस्तिकेत तीनच खुणा: सोडवला तर बरोबरची खूण, नंतर बघू तर अर्धा गोल, नाद सोडला तर फुली. फुलीकडे पुन्हा वळायचं नाही. अपवाद शेवटच्या दोन मिनिटांचा. ज्या फुलीच्या प्रश्नात दोन पर्याय उडालेले असतील तिथे उरलेल्या दोनांतला एक भरून मोकळं व्हायचं. तेव्हा पुस्तिकेत खूण करत बसायचं नाही, पेन थेट उत्तरपत्रिकेवर. हा तेरावा नियम.

पहिला नियम होता: सूचनांचं पान वाचू नका. दर वर्षी तेच असतं. सुरुवातीची पाच मिनिटं बैठक क्रमांक भरा, मनगट मोकळं करा, डोळे मिटा.

या नियमावर ती अडली होती. "न वाचता सही केल्यासारखं वाटतं, भावजी."

दिराने गेल्या सात वर्षांच्या पुस्तिकांची पहिली पानं काढून तिच्यापुढे ठेवली. ती सातही पानं घरी घेऊन गेली आणि ओळीला ओळ लावून पाहिली. सूचना आठ, सातही वर्षं त्याच. तिसऱ्या सूचनेतली छपाईची चूकसुद्धा सात वर्षं तीच. तेव्हा कुठे तिने नियम मान्य केला.

स्टॉपवॉच धरायचं काम नवऱ्याकडे होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून आला की तेलकट हाताने जिन्याच्या पायरीवर बसून घड्याळ धरायचा आणि "पन्नास" म्हणायचा. पहिल्या आठवड्यात त्याला मिनिटामिनिटाला म्हणावं लागायचं. तिसऱ्या महिन्यात दोनदा. एका संध्याकाळी शंभर प्रश्नांत एकदाही म्हणावं लागलं नाही, तर तो म्हणाला, "आता माझी नोकरी गेली."

त्या दिवशी तिचे फक्त नऊ प्रश्न राहिले होते. दिराने फळ्यावर लिहिलं: पुन्हासांगा बाई, आता पुन्हा सांगणार नाही. तिला हसू आलं नाही, पण बरं वाटलं होतं.

परीक्षेच्या दिवशी तिला पाचवा गोल दिसला नव्हता असं नाही. तिसऱ्या प्रश्नाशी दिसला. प्रश्नाला पर्याय चार आणि उत्तरपत्रिकेवर गोल पाच. तिचा हात पुस्तिका उलटून पहिल्या पानाकडे गेलाही होता. मग तिला वाटलं, पुढे काही प्रश्नांना पाच पर्याय असतील, किंवा दुसऱ्या कुठल्या परीक्षेच्या पत्रिका इथे वापरल्या असतील. आणि दिराचा नियम नंबर चार: मागचं पान उलटायचं नाही. पन्नास सेकंदांतली नऊ गेली होती. तिने हात परत घेतला.

रविवारी दुपारी दीड वाजता घरच्या टेबलावर तिने पुस्तिका उघडली आणि फुल्या मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या. अकरा. नवऱ्याला मोजायला सांगितल्या. तोपर्यंत दीर जिना उतरून आला होता, हातात चहाचा कप, तोंडावर विचारण्याआधीच आलेलं हसू.

"किती राहिले, वहिनी?"

तिने सूचना क्रमांक नऊ त्याला वाचायला दिली. त्याने ती उभ्याउभ्या वाचली, मग बसून वाचली. त्याला एखादी गोष्ट दोनदा वाचताना तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"अकरा फुल्या आहेत," नवरा म्हणाला.

"म्हणजे अकरा कोरे. एकाने घोळ झाला." दिराने कप खाली ठेवला. "एकाने."

"अकरा की दहा ते माहीत नाही," ती म्हणाली. "सदुसष्टवर शेवटी परत गेले होते."

"मग भरला ना?"

"पेन टेकवलं होतं. तेवढ्यात पर्यवेक्षिका बाई 'पेन खाली' म्हणाल्या. गोल भरला की नुसतं टिंब पडलं, की काहीच नाही, ते आठवत नाही."

"असं कसं आठवत नाही?"

"खूण केलेली नाही म्हणून."

"का नाही केली?"

"तेरावा नियम. तुमच्याच भिंतीवर आहे."

नवऱ्याने खुर्ची मागे सरकवली. "लिफ्ट अडकली ना, की आत अडकलेला माणूस आधी सगळी बटणं दाबतो. आम्ही गेलो की पहिलं काम, गाडी कुठल्या मजल्यावर आहे ते बघणं. आधी नीट आठव. मग बाकीचं."

"तासभर तेच करतेय, अहो."

"मग आणखी अर्धा तास कर. घाई कोणाला आहे?"

"घाई तुमच्या घरात शिकवतात," ती म्हणाली.

दिराने कप उचलला, पुन्हा ठेवला. "वहिनी, सात वर्षांची पानं तुम्हीही तपासली होती."

"हो, तपासली होती. म्हणून तर तुमच्यावर धड चिडताही येत नाही."

सदुसष्टावा प्रश्न तिच्याच कामाचा होता. नळीवरच्या लेबलावरचं नाव आणि सोबतच्या कागदावरचं नाव जुळत नसेल तर तंत्रज्ञाने प्रथम काय करावे? एक, नमुना नाकारावा. दोन, वॉर्डला कळवावे. तीन, लेबल दुरुस्त करावे. चार, चाचणी करून नंतर कळवावे. तीन आणि चार लगेच उडाले. एक आणि दोन ती आठवड्यातून चार-पाचदा करते आणि दोन्ही करते. त्यातलं प्रथम कोणतं, यावर तिचे पन्नास सेकंद गेले आणि तिने फुली मारली. गणिताच्या नळ आणि टाकीवाल्या प्रश्नाला मारावी तशी, पोटाचा धंदा असलेल्या प्रश्नाला फुली.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास नेमकी तशी नळी आली. कागदावर एक आडनाव, लेबलवर दुसरं. ती काम करत राहिली आणि काम झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की डाव्या हातात फोन होता आणि उजव्या हातातल्या लाल पेनाने ती कागदावर 'नाकारला' लिहीत होती. दोन्ही एकाच वेळी. तिने विभागप्रमुख डॉक्टरांना विचारलं.

"आधी नाकारायचा," डॉक्टर मायक्रोस्कोपमधून डोळा न काढता म्हणाले. "त्यात विचारण्यासारखं काय आहे?"

मंगळवारी परीक्षा कार्यालयाने उत्तरांची यादी संकेतस्थळावर टाकली. सदुसष्टचं उत्तर दोन होतं. वॉर्डला कळवावे. ती पेन घेऊन ज्या गोलाकडे गेली होती तोही दोन क्रमांकाचाच होता, एवढं तिला पक्कं आठवत होतं. तो भरला होता का, एवढंच आठवत नव्हतं.

त्या रात्रीच्या जेवणाआधी तिने बाकीचे एकोणनव्वद प्रश्न यादीशी ताडून पाहिले. चौऱ्याहत्तर बरोबर, पंधरा चूक. वजाबाकी करून सव्वासत्तर. गेल्या परीक्षेत शेवटची निवड सहासष्टवर थांबली होती. तिने आकडा पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहिला आणि खाली तारीख घातली. दिराला दाखवला नाही. नवऱ्याने पाहिला आणि नुसतं 'च्' केलं.

बुधवारी संध्याकाळी कार्यालयाची नोटीस आली. नव्या सूचनेबद्दल बऱ्याच तक्रारी आल्यामुळे, दहापेक्षा अधिक प्रश्न कोरे राहिलेल्या उमेदवारांना सात दिवसांत अर्ज करता येईल. अर्जात कोऱ्या प्रश्नांची नेमकी संख्या लिहायची. ती यंत्राच्या मोजणीशी जुळली तर उत्तरपत्रिका तपासण्याचा विचार होईल. जुळली नाही तर चुकीची माहिती दिल्याबद्दल उमेदवारी रद्द. ज्यांचे कोरे प्रश्न दहा किंवा कमी आहेत त्यांनी अर्ज करू नये.

नवऱ्याने नोटीस मोठ्याने वाचली. "म्हणजे अकरा असतील तर अकरा लिहून अर्ज करायचा. दहा असतील तर गप्प बसायचं."

"आणि दहा असताना अकरा लिहिले तर चांगला चाललेला पेपर माझ्या हाताने फाडायचा," ती म्हणाली. "आणि अकरा असताना गप्प बसले तर तसाच गेला."

दीर दारात उभा होता. रविवारपासून तो खाली कमी यायचा आणि आला तर दारातच उभा राहायचा. त्याने घसा साफ केला.

"दोन पर्याय उरलेत."

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"नाही, म्हणजे हिशेबाने सांगतो. बाई 'पेन खाली' म्हणाल्या म्हणजे वेळ संपली होती. गोल भरायला दोन सेकंद लागतात. तुमचा हात संथ आहे, वहिनी. वाईट वाटून घेऊ नका. भरला नसणार. साठ टक्के अकरा. अर्ज करा."

"आणि चाळीस टक्के?"

"चाळीस टक्क्यांचा विचार करत बसायचं नसतं. अशा वेळी एक गोल काळा करायचा आणि पुढे जायचं."

"पुढे काय आहे, भावजी?" तिने विचारलं. "शंभरावा प्रश्न झाला ना. पुढे कुठे जाऊ?"

त्याने चौकटीला खांदा टेकवला. मग म्हणाला, "माझ्या अठरा मुलांपैकी सात जण त्याच परीक्षेला होते. त्यातल्या पाच जणांचे दहाच्या वर कोरे आहेत. सकाळपासून त्यांचे आईबाप येऊन जातायत. तुम्ही निदान शिव्या तरी देत नाही."

"द्यायच्या आहेत," ती म्हणाली. "पण तुम्हाला देऊ की मला, ते ठरत नाही."

तिने पुढचे चार दिवस आठवण्याचा प्रयत्न केला. वेगवेगळ्या रीतीने केला. त्याच पेनाने, त्याच प्रकारच्या कागदावर, नवऱ्याला "पेन खाली" म्हणायला लावून गोल भरून पाहिला. सात वेळा केलं. चार वेळा गोल पुरा भरला, तीन वेळा अर्धा राहिला. यंत्र अर्धा गोल भरलेला धरतं की कोरा, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. कार्यालयाला फोन केला तर पलीकडून सांगण्यात आलं, की ते यंत्राला माहीत. प्रयोगशाळेत एका दुपारी तिने पिपेट हातात धरून डोळे मिटले, सात नंबरच्या खोलीतला बाक आठवायला. उघडले तेव्हा डॉक्टर समोर उभे होते. त्यांनी तिला घरी पाठवलं. नऊ वर्षांत तसं पहिल्यांदाच घडलं.

मंगळवारी, मुदतीच्या सातव्या दिवशी, सकाळी साडेदहाला ती परीक्षा कार्यालयाच्या चौथ्या खिडकीपुढे उभी राहिली. पुढे बावीस माणसं होती. बहुतेकांच्या हातात पुस्तिका होत्या, खुणांनी भरलेल्या. दोन पोरांच्या पुस्तिकेत तिला ओळखीच्या फुल्या आणि अर्धे गोल दिसले. ती पोरं तिला ओळखत नव्हती.

बारा पाचला तिचा नंबर आला. कारकुनाने अर्ज घेतला, बैठक क्रमांक पडद्यावरच्या यादीशी ताडला, सही पाहिली. मग पेनाचं टोक एका रकान्यावर आणून थांबवलं.

"हे काय लिहिलंय?"

रकान्यात तिने लिहिलं होतं: दहा किंवा अकरा. प्रश्न सदुसष्टची नोंद नाही.

"जे माहीत आहे ते," ती म्हणाली.

"बाई, इथे एक आकडा लिहायचा असतो."

"एक आकडा मला माहीत नाही."

"मग अंदाजाने लिहा. सगळे तेच करतायत. सकाळपासून मी बघतोय, खिडकीशी उभं राहून बोटं मोजतायत."

"अंदाज चुकला तर?"

"तर रद्द. पण हे असं लिहिलंत तर काय होईल ते मलाही सांगता येणार नाही. यंत्रात 'किंवा' नाही."

"माणसात आहे ना? अर्ज माणूस बघणार आहे ना?"

कारकुनाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "ताई, उरका हो." दुसऱ्या कोणीतरी त्याला सांगितलं, "अरे, बोलू दे, आपल्याच कामाचं आहे."

"मला एक सांगा," कारकून आवाज उतरवून म्हणाला. "हा आकडा कशाला मागतायत माहीत आहे का? नंतर कोणी आत जाऊन कोऱ्या जागी गोल भरू नये म्हणून. तुमचा आकडा आणि यंत्राचा आकडा एक, तर पत्रिकेला कोणी हात लावला नाही. तुम्ही दोन आकडे दिलेत तर तुमच्या पत्रिकेत एक गोल भरायला जागा ठेवलीत असा अर्थ होतो."

"मी नऊ वर्षं रक्ताचे अहवाल देते," ती म्हणाली. "यंत्राने दोनदा वेगवेगळा आकडा दिला तर मी त्यातला बरा वाटेल तो लिहीत नाही. दोन्ही लिहिते आणि खाली लिहिते, पुन्हा तपासावे."

"तिथे पुन्हा रक्त काढता येतं, बाई."

कारकुनाने लाल पेन तिच्यापुढे सरकवलं. "यातला एक खोडा. मी बघत नाही."

त्याने खरंच मान वळवली. ती पेन हातात घेऊन किती वेळ उभी होती याबद्दल नवरा आणि कारकून यांची मतं नंतर वेगळी पडली. नवरा रांगेबाहेरून बघत होता, तो म्हणतो तीन-चार मिनिटं. कारकून म्हणाला होता, अर्धं मिनिट. पन्नास सेकंद धरायला हरकत नाही. तिने पेन टोपण लावून परत केलं आणि अर्ज आहे तसा आत सरकवला.

कारकुनाने शिक्का मारला. पोचपावतीवर 'अपूर्ण' असा शेरा लिहिला आणि शेजारी वेळ घातली, बारा वाजून चौदा मिनिटं.

घरी परतताना नवऱ्याने बसमध्ये पोचपावती दोनदा वाचली. उतरल्यावर म्हणाला, "एक खोडायचा होता गं."

"कुठला?"

"तेच तर म्हणतोय. कुठलाही."

"मग तुम्हीच भावाचे खरे विद्यार्थी," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

निकाल एक्केचाळीस दिवसांनी लागला. तोवर तिला अडतीस पूर्ण झाली होती. तेरा जणांची निवड झाली होती, शेवटचा आकडा साडेअडुसष्ट. जागा मात्र चौदा होत्या. चौदावी ओळ रिकामी होती आणि तिथे एक चांदणी छापली होती. चांदणीचा खुलासा यादीच्या तळाशी होता: काही निकाल राखून ठेवण्यात येत आहेत. त्याखाली एकोणीस बैठक क्रमांक. तिचा बारावा.

दिराने तिच्यासाठी तो कागद छापून आणला. शाईने त्या क्रमांकाखाली रेघ मारली होती.

"रद्द नाही," तो म्हणाला. "रद्द केलेल्यांची यादी वेगळी आहे. माझी तीन मुलं त्यात आहेत. आकडे जुळले नाहीत."

"अंदाजाने लिहिले होते?"

"मीच सांगितले होते."

त्याच्या क्लासात आता नऊ खुर्च्या भरतात. भिंतीवरचा पहिल्या नियमाचा पुठ्ठा त्याने काढला आहे. तिथे चिकटपट्टीचे चार चौकोन राहिलेत आणि नियम दुसऱ्यापासून सुरू होतात. एका मुलाने पहिला कुठे गेला असं विचारलं, तेव्हा त्याने मुलाला पन्नास सेकंदांची आठवण करून दिली. तेरावा नियम अजून भिंतीवर आहे. ती त्याबद्दल एकदा बोलली होती. दुसऱ्यांदा बोलली नाही.

राखून ठेवलेल्यांची यादी दर सोमवारी बदलते. पहिल्या सोमवारी एकोणीसचे पंधरा झाले, तिसऱ्या सोमवारी सात. जे बाहेर पडले त्यांतले काही रद्दच्या यादीत गेले आणि काही नुसतेच 'अनिवड' म्हणून. चौदाव्या ओळीतली चांदणी अजून आहे. प्रयोगशाळेतल्या कंत्राटांची मुदत संपायला सहा आठवडे उरलेत. ती रोज आठला जाते, नळ्यांवरची लेबलं तीनदा वाचते. नवा मुलगा कोणी आला तर त्याला काय शिकवायचं याची एक वही तिने लिहायला घेतली आहे, कारण डॉक्टरांनी तसं सांगितलं आहे. कोणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.

काल दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी तिने विश्रांतीच्या खोलीतून कार्यालयाला फोन केला. चौथ्या खिडकीचा कारकून होता. त्याने आवाज ओळखला.

"दहा किंवा अकरा," तो म्हणाला.

"काही कळलं का?"

"तुमची पत्रिका यंत्रातून दोनदा काढली. फाईल आता वर गेली आहे."

"दोनदा का?"

"पहिल्यांदा एक आकडा आला, दुसऱ्यांदा दुसरा."

"कोणते?"

"ते मला सांगता येत नाही."

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा तेच सांगितलं. संध्याकाळी पाच वाजता कार्यालय बंद झालं तेव्हा राखून ठेवलेल्यांच्या यादीत चार क्रमांक होते. तिचा त्यात होता.